सहा वर्षांच्या मुलाचा फॉस्फरस ५.६ आणि पुढे ‘एच’ची खूण: वाढत्या वयात मूत्रपिंड फॉस्फेट का धरून ठेवते?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आमचे गाव खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात येते, आणि या पट्ट्यात ‘किडनी’ हा शब्द निघाला की घरातली माणसे हातातले काम खाली ठेवतात, हे इकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. रात्री पाय दुखतात अशी त्याची तक्रार होती, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी त्याचे रक्त तपासून घेतले. बाकी सर्व आकडे मर्यादेत होते. फॉस्फरस मात्र ५.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आला. शेजारी छापलेली मर्यादा २.५ ते ४.५ अशी होती आणि आकड्यापुढे जाड ठशात ‘एच’ (‘हाय’, म्हणजे जास्त) होते.

आमच्या गल्लीतील दोघे जण डायलिसिसवर आहेत. त्यांच्या फायलीत फॉस्फरसचा हाच रकाना असतो, आणि तो वाढला की त्यांचे दूध व डाळ कमी होते, हे गल्लीतल्या लहानथोरांना पाठ आहे. त्यामुळे माझ्या आईने कागद नीट पाहण्याआधीच निकाल देऊन टाकला, “पोट्ट्याच्या किडनीत खारं पानी उतरलं.” मी शिकलेला माणूस, पण मीही कोणाला न विचारता मुलाचे दूध बंद केले आणि वरण अर्ध्यावर आणले. असे तीन आठवडे चालले. त्यानंतर एका बालरोगतज्ज्ञांनी तोच कागद पाहून सांगितले, की या वयाला हा आकडा हवा तसाच आहे, दूध आजपासून सुरू करा. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे पुढचे विचारायचे राहून गेले, ते येथे विचारतो.

जो आकडा मोठ्या माणसात मूत्रपिंड थकल्याची खूण ठरतो, तोच लहान मुलात निरोगीपणाचा कसा? मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूसच ना?

दुसरी गोष्ट मला अधिक छळते आहे. माझ्या शाळेत दुसरीत एक मुलगी आहे. तिचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले आहेत आणि उंचीने ती पहिलीतल्या मुलांत मिसळून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तिची मुडदूस (वाढत्या वयात हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार) म्हणून नोंद केली, ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस तीनदा झाले, तरी पाय होते तसेच आहेत. तिच्या कागदावर फॉस्फरस २.९ आहे आणि पुढे कसलीच खूण नाही. मी तिच्या वडिलांना, “फॉस्फरस तर बरोबर दिसतो,” असे सांगूनही बसलो. आता माझ्या मुलाचा कागद आणि तिचा कागद मनात शेजारी ठेवले की माझ्या त्या वाक्याची मलाच शंका येते. (तिच्या वडिलांना विचारूनच हे येथे लिहीत आहे.)

कोरडवाहू

गुरुजी, डॉक्टर मंडळी येईपर्यंत एका कास्तकाराचे दोन शब्द ऐकून घ्या. तुमचा फॉस्फरस म्हणजे आमचा स्फुरद. नत्र उभ्या पिकाला हप्त्याहप्त्याने देता येते. स्फुरद मात्र पेरणीच्याच वेळी, मुळाजवळ द्यावा लागतो, कारण मूळ धरण्याच्या दिवसांत तो मिळाला नाही, तर नंतर ओतलेला फारसा लागू पडत नाही. वर आमच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत तो चुन्याशी बांधला जातो आणि मातीत असूनही पिकाच्या हाती लागत नाही. तेव्हा कोवळ्या वयात स्फुरदाची ओढ जास्त असणे मला नवलाचे वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की मुलांच्या रक्तात तो जास्त दिसतो तो ती जास्त खातात म्हणून, की त्यांचे शरीर तो सोडत नाही म्हणून?

तालुक्याचा_बालवैद्य

कोरडवाहू भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. शरीर सोडत नाही, म्हणून. आता गुरुजींच्या ‘लहान आकाराचा मोठा माणूस’ या वाक्याकडे येतो, कारण सगळी गफलत तेथेच आहे.

आधी घरगुती हिशेब मांडू. नवजात बाळाच्या शरीरात सर्व मिळून साधारण १७ ग्रॅम फॉस्फरस असतो आणि प्रौढ माणसात सुमारे ७०० ग्रॅम. त्यातील जवळजवळ ८५ टक्के हाडांत आणि दातांत असतो. म्हणजे अठरा वर्षांत सहाशे ऐंशीच्या आसपास ग्रॅम साठवायचे आहेत. भागाकार केला तर दिवसाला सरासरी १०० मिलिग्रॅम येतात, आणि त्यात आजारपणाचे, उपासाचे, यात्रेत फक्त जिलेबीवर काढलेले दिवसही धरलेले आहेत. मोठ्या माणसाचे हाडही रोज थोडे झिजते आणि भरते, पण वर्षाअखेरीस शिल्लक शून्य असते. आतड्यातून जेवढे रक्तात आले तेवढे लघवीतून गेले की त्याचा जमाखर्च जुळतो. मुलाला मात्र रोज शिल्लक टाकायची असते. फॉस्फेट (शरीरात फॉस्फरस ज्या रूपात वावरतो ते) घेण्याच्या बाबतीत आतडे त्या मानाने उदार असते, समोर येईल त्यातले बरेचसे ते आत घेते. किती ठेवायचे आणि किती सोडायचे याचा निर्णय प्रामुख्याने मूत्रपिंडात होतो.

गुरुजींच्या मुलाएवढे, वीस किलो वजनाचे मूल घ्या. त्याच्या मूत्रपिंडातील गाळण्या दिवसभरात सुमारे ८० लिटर द्रव गाळतात. रक्तातील फॉस्फरस ५ धरला, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम, तर रोज जवळपास ४ ग्रॅम फॉस्फरस गाळून नलिकांत उतरतो. खाण्यातून येणारा मात्र अर्ध्या ते पाऊण ग्रॅमच्या घरात असतो. नलिकांनी एक दिवस जरी काम सोडले, तरी आठवड्याभराचे खाणे लघवीवाटे वाहून जाईल. तसे होत नाही, कारण नलिकेच्या अगदी सुरुवातीच्या भागातील पेशी त्यातला ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग परत रक्तात ओढून घेतात.

ही ओढ काही वाहक प्रथिने करतात. पेशीच्या, नलिकेच्या पोकळीकडील बाजूच्या झालरीवर ती बसलेली असतात आणि सोडियमच्या जोडीने फॉस्फेटला आत घेतात. त्यांतील दोन प्रमुख जातींना शास्त्रज्ञ ‘टू-ए’ आणि ‘टू-सी’ म्हणतात. उंदरांच्या वाढत्या पिल्लांत ‘टू-सी’ विशेष भरभरून आढळते, आणि माणसात तिच्या जनुकात बिघाड झाला तर मुलांना मुडदुसाचा एक वेगळा प्रकार होतो. झालरीवर कोणत्या वेळी किती वाहक बसवायचे हे संप्रेरके ठरवतात. मानेतील परावटू ग्रंथींचे संप्रेरक आणि हाडातील पेशींतून निघणारे ‘एफजीएफ-२३’ ही दोन संप्रेरके वाहकांना झालरीवरून उतरवतात, मग फॉस्फेट लघवीत जाते. वाढीचे संप्रेरक याच्या उलट बाजूने जोर लावते: ते ‘आयजीएफ-१’ या मध्यस्थामार्फत नलिकेची ओढ वाढवते. ज्या वयात उंची वाढवायची, त्याच वयात उंचीसाठी लागणारा माल अडवून ठेवायचा, आणि दोन्ही कामांचा हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतो. ही योजना मला अजूनही थक्क करते.

आता शेततळे डोळ्यांसमोर आणा. भरलेल्या तळ्यातील पाण्याची पातळी पाऊस किती पडला यावर ठरत नाही, ती सांडव्याच्या उंचीवर ठरते. सांडव्याच्या वर आलेले पाणी वाहून जाते. उपाशीपोटी काढलेल्या रक्तातील फॉस्फरसचा आकडा बहुतांशी असाच, मूत्रपिंडाच्या सांडव्याची उंची सांगणारा असतो. मुलांत हा सांडवा मुद्दाम उंच बांधलेला असतो. पहिल्या काही महिन्यांत तो इतका उंच असतो, की तान्ह्या बाळाचा फॉस्फरस ७ आला तरी मी पान उलटतो. एक ते पाच वर्षांत साधारण ४.५ ते ६.५, प्राथमिक शाळेच्या वयात ३.६ ते ५.८, आणि पौगंडावस्थेतील वाढ आटोपली की हळूहळू मोठ्यांच्या पातळीला. मुलींची वाढ आधी आटोपते, म्हणून त्यांचा आकडाही आधी उतरतो.

डायलिसिसवरील माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा सांडवा उंच झालेला नसतो, गाळण्याच बुजल्यामुळे पाण्याला तेथपर्यंत जाता येत नाही आणि तळे तुंबते. दोन्हीकडे पातळी वर दिसते, पण एकीकडे बांधकाम आहे आणि दुसरीकडे गाळ. गुरुजी, तुमच्या मुलाचे दूध तोडणे म्हणजे नवे तळे भरत असताना नाला वळवण्यासारखे होते. तीन आठवड्यांत काही बिघडले नसेल, त्याची खंत नको. पाण्याच्या खारेपणाशी या आकड्याचा संबंध जोडू नये, हेही आजींना सांगा.

त्या मुलीबद्दल मात्र मला काळजी वाटते. सात-आठ वर्षांच्या मुलीला २.९ हा कमी आहे, स्पष्टपणे कमी. पुढे खूण आली नाही, कारण तुलना तिच्या वडिलांच्या वयाशी झाली.

नमुनाकक्ष

मी यवतमाळ जिल्ह्यात एका छोट्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले त्यातील दोष आमच्या बाजूचा आहे, तो मान्य करतो. यंत्राबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वयानुसार रकाने भरायची सोय असते. कोणी ती भरत नाही आणि प्रौढांची एकच मर्यादा सर्वांना छापून जाते. अल्कलाइन फॉस्फटेज या, हाडे घडवणाऱ्या पेशींतून रक्तात येणाऱ्या विकराचेही तेच होते. वाढत्या हाडांमुळे मुलांत ते प्रौढांपेक्षा बरेच जास्त असते आणि दर दुसऱ्या मुलाच्या कागदावर ‘एच’ येतो, त्यामुळे खरोखर वाढलेला आकडाही त्या गर्दीत कोणी पाहत नाही.

फॉस्फरसच्या नमुन्याबाबत तीन गोष्टी सांगणे माझे काम आहे. रक्त उपाशीपोटी, सकाळी काढावे, कारण हा आकडा दिवसभर स्थिर राहत नाही; सकाळच्या प्रहरी तो खाली असतो आणि दुपारनंतर चढतो. दुसरे, लाल पेशींच्या पोटात फॉस्फेट भरपूर असते. उपकेंद्रावर सकाळी काढलेली नळी एसटीने मे महिन्याच्या उन्हात चार तास प्रवास करून आमच्याकडे येते, तोवर पेशी फुटतात किंवा पाझरतात आणि आकडा खोटाच वाढतो. २.९ असा आलेला नमुना जर असा आला असेल, तर खरा आकडा त्याहूनही कमी असू शकतो, हे लक्षात घ्यावे. तिसरे, त्याच वेळी लघवीचाही नमुना घ्यावा. रात्रभराची पहिली लघवी टाकून दिल्यानंतरची, दुसरी. रक्त आणि लघवी या दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा, मूत्रपिंडावाटे बाहेर जाणारा टाकाऊ पदार्थ) असे चार आकडे मिळाले की मूत्रपिंडाचा सांडवा कागदावर मोजता येतो.

पैनगंगेकडची_आई

गुरुजी, तुमचा धागा वाचताना हात थांबला, कारण त्या मुलीच्या जागी माझी मुलगी होती.

आम्ही पांढरकवड्याच्या बाजूचे. आमच्याकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यामुळे वाकडे पाय दिसले की सगळ्यांचे एकमत होते, ‘पाण्यामुळे.’ आम्ही पाणी बदलले, मग तिला ड जीवनसत्त्व दिले, मग कॅल्शियम, मग पुन्हा ड जीवनसत्त्व. एका मोठ्या दवाखान्यात तर फ्लोराइड हेच कारण लिहून कागद बंद केला गेला. पण तिच्या दातांवर पट्टे किंवा डाग नव्हते, आणि त्याच बोअरचे पाणी पिणारी तिची चुलत भावंडे सरळ पायांची होती, हे माझ्या सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. सहाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताबरोबर लघवीतला फॉस्फरस मोजला, तेव्हा तिचे मूत्रपिंड फॉस्फेट धरत नाही असे कळले. आजाराचे नाव एक्स-गुणसूत्राशी जोडलेली फॉस्फेटची कमतरता. डॉक्टरसाहेबांनी तो सविस्तर समजावला तर बरे होईल. मला तो जगून माहीत आहे, सांगता येत नाही.

तालुक्याचा_बालवैद्य

ताई, तुमच्या सासूबाईंनी जे केले त्यालाच आम्ही तुलनात्मक निरीक्षण म्हणतो.

प्रथम प्रमाणाचे भान ठेवू. आपल्या भागात वाकलेल्या पायांचे बहुतेक रुग्ण ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडल्यामुळे झालेल्या साध्या मुडदुसाचे असतात. ऊन भरपूर असले तरी बाळ झाकून घरात राहते, आणि दूध सुटल्यावर भाकरीसोबत कॅल्शियम देणारे ताटात फारसे काही नसते. शिवाय दोन वर्षांपर्यंत थोडे बाहेर वाकलेले पाय आणि तीन-चार वर्षांना एकमेकांना लागणारे गुडघे हा वाढीचाच भाग असतो. तेव्हा प्रत्येक वाकड्या पायामागे दुर्मीळ आजार शोधू नये. ताईंच्या मुलीचा आजार साधारण वीस हजारांत एकाला होतो. पण औषध देऊनही न सुधारणारा मुडदूस तसाच सोडूही नये.

साध्या मुडदुसातसुद्धा शेवटचा घाव फॉस्फेटवरच पडतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कॅल्शियम कमी पडले की परावटू ग्रंथी खवळतात, त्यांचे संप्रेरक मूत्रपिंडाचा सांडवा खाली करते आणि फॉस्फेट वाहून जाते. हाडांच्या टोकाशी वाढीची जी पट्टी असते, तेथील कूर्चापेशी फुगून मोठ्या होतात आणि ठरलेल्या वेळी मरून हाडाला जागा करून देतात. तो मरणाचा निरोप त्यांना फॉस्फेटकडून मिळतो. फॉस्फेट कमी असेल तर त्या मरत नाहीत, नुसत्या साठत जातात. मुडदुसात मनगट जाड होते आणि फासळ्यांवर माळेसारखे मणी लागतात, ते यामुळेच. रक्तातील आकडा उंच असण्याची गरज मुलाला का आहे, याचे हे दुसरे उत्तर.

ताईंच्या मुलीच्या प्रकारात मात्र कॅल्शियम ठीक असते. ड जीवनसत्त्वाला न जुमानणारा मुडदूस म्हणून ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले, ‘फेक्स’ हे जनुक १९९५ मध्ये सापडले आणि ‘एफजीएफ-२३’ची या गोष्टीतील भूमिका २००० पासून उलगडत गेली. ‘फेक्स’ बिघडले की हाडातील पेशी ‘एफजीएफ-२३’ गरजेपेक्षा जास्त सोडतात. ते नलिकेतले वाहक उतरवते, आणि एवढ्यावर न थांबता मूत्रपिंडात होणारी ड जीवनसत्त्वाची शेवटची, कामाची घडणही दाबून टाकते. म्हणून वरून कितीही साधे ड जीवनसत्त्व दिले तरी उपयोग होत नाही, उलट सहा-सहा लाख युनिटांचे डोस पुन्हा पुन्हा दिले तर रक्तात कॅल्शियम वाढून ते मूत्रपिंडातच साचण्याचा धोका असतो. गुरुजी, त्या मुलीला आता चौथा डोस कोणी देऊ नये, ही माझी पहिली विनंती आहे.

आणि एक प्रश्न विचारतो: तिच्या घरात आणखी कोणी बुटके किंवा वाकड्या पायांचे आहे का?

नातवाचे_आजोबा

सर्व चर्चा वाचली. मुलांना फॉस्फेटची एवढी गरज आहे, तर आमच्या महिन्याच्या नातवाला आईच्या दुधाबरोबर गाईचे दूध सुरू करावे का? त्यात ते जास्त असते असे ऐकतो.

तालुक्याचा_बालवैद्य

आजोबा, कृपया करू नका. गाईच्या दुधात फॉस्फरस आईच्या दुधाच्या सुमारे सहापट असतो, हे तुम्ही बरोबर ऐकले. पण महिन्याभराच्या बाळाचे मूत्रपिंड धरून ठेवण्यात तरबेज आणि सोडण्यात कच्चे असते. एवढा लोंढा आला की फॉस्फेट रक्तात चढते, त्याच्या ओझ्याने कॅल्शियम उतरते आणि बाळाला झटके येऊ शकतात. वरच्या दुधावरील नवजात बाळांत हा प्रकार वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आईच्या दुधातला थोडा फॉस्फरस पूर्ण दिवसांच्या बाळाला पुरतो, कारण त्यातला फारच थोडा लघवीत वाया जातो. फार आधी जन्मलेल्या बाळांचे गणित वेगळे असते, कारण खनिजांचा मोठा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. त्यांना काय द्यायचे ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.

वैनगंगा_आरोग्य

मी गडचिरोलीकडे सिकलसेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसोबत काम करते. आपल्या पूर्व विदर्भातील वाचकांसाठी एक भर घालते. सिकलसेल असलेल्या मुलांत नलिकेचा सुरुवातीचा भाग नेहमीपेक्षा जास्त जोराने काम करतो, त्यामुळे फॉस्फेट जास्त परत घेतले जाते. शिवाय लाल पेशी सतत फुटत असतात. म्हणून त्यांचा फॉस्फरस वयाच्या मर्यादेपेक्षाही थोडा वर दिसू शकतो. याच मुलांत नलिका क्रिएटिनिन मात्र जास्त बाहेर टाकते, त्यामुळे त्याचा आकडा फसवा कमी येतो आणि मूत्रपिंडाचे खरे नुकसान झाकले जाते. आम्ही त्यांच्या लघवीतील प्रथिनांवर लक्ष ठेवतो.

तालुक्याचा_बालवैद्य

ताईंनी क्रिएटिनिनचा विषय काढला ते फार बरे झाले. खारपाण पट्ट्यातील आईबापांनी मुलाच्या कागदावर काही पाहायचेच असेल, तर फॉस्फरसच्या आधी ते पाहावे, आणि तेही उंचीसह. सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागले की गाळण्यांच्या वेगाचा अंदाज येतो; श्वार्त्झ यांचे हे सूत्र २००९ मध्ये या सोप्या रूपात आले. ११८ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.४ असेल तर उत्तर १२२ च्या आसपास येते, उत्तम. त्याच मुलाचे ०.९ असेल तर ५४, म्हणजे अर्ध्याहून अधिक ताकद गेलेली. आणि छापील कागदावर हा ०.९ कोणत्याही खुणेविना ‘नॉर्मल’ म्हणून निघून जाईल.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

दीड महिन्याने लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. मध्यंतरी सोयाबीनची काढणी होती आणि मुलीच्या वडिलांना मजुरीचे दिवस बुडवणे शक्य नव्हते.

डॉक्टरसाहेबांनी विचारलेला प्रश्न मी त्यांना विचारला, तेव्हा ते काही न बोलता उभे राहिले. त्यांची स्वतःची उंची पाच फुटांच्या आत आहे आणि पाय वाकलेले आहेत. इतकी वर्षे पाहत असून मी ते कधी ‘पाहिले’ नव्हते. मोठ्या मुलीचेही पाय वाकडे आहेत. मधला मुलगा मात्र सरळ आहे.

नागपूरला नेऊन सकाळी उपाशीपोटी नमुने दिले. आकडे असे आहेत. रक्त: फॉस्फरस २.६, क्रिएटिनिन ०.३, कॅल्शियम ९.४, अल्कलाइन फॉस्फटेज ७८०, परावटू संप्रेरक मर्यादेत, ड जीवनसत्त्व पुरेसे, बायकार्बोनेट ठीक. लघवी: फॉस्फरस ४०, क्रिएटिनिन ३०, साखर नाही, प्रथिने नाहीत. तेथील डॉक्टरांनी निदान सांगितले आहे, जनुकीय तपासणीसाठी रक्त पाठवले आहे. मला फक्त हा हिशेब समजून घ्यायचा आहे. नलिकेने ८५ टक्के फॉस्फेट परत घेतले असे कागदावर लिहिले आहे, आणि ८५ हा आकडा तर चांगला वाटतो.

तालुक्याचा_बालवैद्य

गुरुजी, ८५ टक्क्यांवर पुष्कळ जण फसतात, म्हणून सावकाश करू.

लघवीतील फॉस्फरस ४० ला रक्तातील क्रिएटिनिन ०.३ ने गुणा, १२ आले. त्याला लघवीतील क्रिएटिनिन ३० ने भागा, ०.४ आले. गाळलेल्या प्रत्येक डेसिलिटरमागे एवढा फॉस्फरस हातचा गेला. रक्तातील २.६ मधून ०.४ गेले, २.२ उरले. हा २.२ म्हणजे सांडव्याची उंची. तिच्या वयात ती किमान ३.६ तरी असायला हवी. टक्केवारी चांगली दिसते, कारण तळे आधीच रिकामे आहे आणि थोड्यातले थोडे सांडते आहे. निरोगी मुलाच्या रक्तात फॉस्फरस इतका खाली गेला असता, तर नलिकेने जवळपास सगळा परत घेतला असता आणि लघवीत शोधूनही सापडला नसता. सर्वस्व गहाण पडलेल्या घरातून रोज पंधरा टक्के दान चालू आहे, असे समजा.

साखर आणि बायकार्बोनेट जागेवर असल्यामुळे नलिकेचा तो भाग सरसकट बिघडलेला नाही, गळती फॉस्फेटचीच आहे, हेही कळते. आणि घरातली मांडणी पाहा: वडील आपले एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतात, मुलाला कधीच देत नाहीत. दोन्ही मुली बाधित आणि मुलगा सुटलेला. जनुकाचा अहवाल येईल तेव्हा येवो. मोठ्या मुलीचीही हीच तपासणी करा, आणि वडिलांची हाडे व दात दुखत असतील तर त्यांनाही दाखवा. इतकी वर्षे त्यांनी ते मजुरीचे दुखणे समजून सोडले असण्याची शक्यता आहे.

उपचारात फॉस्फेटचे द्रावण दिवसातून चार-पाच वेळा विभागून देतात आणि सोबत ड जीवनसत्त्वाचे तयार, कामाचे रूप देतात. एकटे फॉस्फेट दिले तर परावटू ग्रंथी चिडून सांडवा आणखी खाली आणतात, म्हणून ही जोडी तोडायची नसते. ‘एफजीएफ-२३’ला अडवणारे बुरोसुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, ते फार महाग आहे, म्हणून आपल्याकडे बहुतेकांची गाडी द्रावणावरच चालते. मूत्रपिंडांची सोनोग्राफी सुरुवातीलाच करून ठेवा, पुढे कॅल्शियम साचते का ते तुलनेने कळते.

कोरडवाहू

म्हणजे आमच्या चुनखडीच्या जमिनीची उलटी गत. तेथे स्फुरद आहे पण सुटत नाही, येथे सुटतो पण राहत नाही. गुरुजी, त्या भाऊंना नागपूरच्या पुढच्या फेरीला माझी गाडी सांगा. मला तसेही तिकडे कळमन्याच्या बाजारात जावे लागते.

नमुनाकक्ष

या निमित्ताने आमच्या संगणकात वयाचे रकाने भरून घेतले. काम एका दुपारचे होते.

पैनगंगेकडची_आई

गुरुजी, आता शाळेत तुम्हालाच उपयोगी पडेल ते लिहिते. दुपारची मात्रा शाळेच्या वेळेत येते आणि तीच सर्वांत जास्त चुकते, कारण फॉस्फेट रक्तात काही तासच टिकते आणि मुले मधल्या सुट्टीत पळून जातात. ते दुधासोबत देऊ नका, दुधातले कॅल्शियम त्याला पोटातच बांधून टाकते. चव खारट-आंबट असते, सुरुवातीला पोट बिघडते, तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्गातून वारंवार बाहेर जावे लागले तर तिला अडवू नका आणि इतर मुलांसमोर कारण विचारू नका. आमच्या मुलीच्या बाईंनी बाटली आपल्या कपाटात ठेवली होती आणि खिचडीची रांग लागण्याआधी तिला हजेरीचे पुस्तक आणायला पाठवत असत.

आणखी एक गोष्ट. या मुलांचा दात बाहेरून चांगला दिसत असूनही मुळाशी पू होतो आणि हिरडीला फोड येतो. दात दुखतो असे ती म्हणाली, तर कीड दिसत नाही म्हणून घरी पाठवू नका. दंतवैद्याला हा आजार आधी सांगायला तिच्या आईला सांगा.